बोटीवरची बॅटरी बँक: आधी हिशोब, मग खरेदी

मुंबईत मुरिंगवर (पाण्यात बोट कायम बांधून ठेवायच्या जागी) बोट असली की एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते, इथे प्लग लावायला भिंत नाही. वीज जी काय असेल ती बॅटरीत, आणि बॅटरीत ती तुम्हीच भरायची. त्यामुळे 'कुठली बॅटरी घेऊ' हा प्रश्न नंतरचा, आधी 'दिवसाला खातो किती' ते बघा.

कागद घ्या आणि प्रत्येक वस्तूचे अँपिअर गुणिले तास असं लिहून काढा. १२ व्होल्टचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४-५ अँपिअर घेतो आणि आपल्या उकाड्यात तो दिवसातला निम्मा वेळ तरी चालूच असतो, म्हणजे ५०-६० अँपिअर-तास एकटाच गिळतो. प्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) आणि व्हीएचएफ रेडिओचे मिळून १५, ऑटोपायलट वापरलात तर आणखी तेवढेच, वर पंखे, दिवे, मोबाईल. नांगरावरचा एलईडी दिवा मात्र रात्रभर जळून २-३ सुद्धा खात नाही, तो वाचवायला बंद करू नका. बेरीज १०० च्या आसपास येते, आणि फ्रिज काढून आइसबॉक्स ठेवलात तर निम्म्यावर. अंथरूण पाहून पाय पसरायचे ते इथेच.

आता बॅटरी. लेड-ॲसिड, म्हणजे साधी पाण्याची किंवा एजीएम (ॲसिड चटईत शोषलेली, बंद बॅटरी), निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून १०० अँपिअर-तास वापरायचे तर २०० ची बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा संच, हवी. लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, म्हणजे १२५-१५० ची पुरते, वजनही खूप कमी, फक्त खिशाला चाट पडते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी बोटीत टाकायचा मोह सगळ्यांना होतो, पण बोट कलली की ॲसिड सांडतं आणि वजन तर विचारूच नका.

दोन बॅटऱ्या पॅरेललमध्ये जोडल्या की अँपिअर-तास वाढतात, सिरीजमध्ये व्होल्ट. पॅरेलल करताना दोन्ही एकाच वयाच्या, एकाच प्रकारच्या घ्या आणि प्लस एका टोकाच्या बॅटरीवरून, मायनस दुसऱ्या टोकाच्या, नाहीतर एकच बॅटरी सगळं काम करत बसते.

इंजिनची स्टार्टर बॅटरी मात्र पूर्ण वेगळी ठेवा. मी एकदा मांडव्याला रात्रभर नांगरून होतो, फ्रिज चालू, गाणी चालू, आणि सिलेक्टर स्विच चुकून 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकत्र. सकाळी इंजिनने नुसतं टक टक केलं. त्यानंतर मी व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले बसवला. चार्जिंग चालू असेल तेव्हाच तो दोन्ही बँका जोडतो, विसरायचा प्रश्नच नाही.

चार्जिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त फसतात ते अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या वीज-जनित्रावर. ६० अँपिअरचा आहे म्हणून तासाला ६० मिळतील असं नाही, मंद आरपीएमवर तो बराच कमी देतो आणि तापला की आणखी कमी. शिवाय लेड-ॲसिड ८० टक्क्यांनंतर करंट घ्यायलाच तयार नसते, शेवटच्या २० टक्क्यांना कितीतरी तास लागतात, इंजिन तासभर घरघरवून ते होत नाही. आणि रोज अर्धवटच भरत राहिलात तर प्लेटवर सल्फेट बसतं आणि बॅटरी 'खराब निघाली' असं आपण म्हणतो. सोलरची खरी किंमत इथे कळते, हळूहळू पण दिवसभर देत राहतो. १०० वॉटच्या पॅनलकडून स्वच्छ उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-तास धरा, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) लावा, आणि बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पडणार नाही अशी जागा शोधा, कारण थोडीशी सावली सुद्धा पॅनलचं आउटपुट धाडकन पाडते.

लिथियमला अल्टरनेटर थेट जोडू नका. ती करंट इतका ओढते की अल्टरनेटर जळू शकतो, आणि बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) मध्येच बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचे डायोड उडतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरकडून ठरावीकच करंट घेणारा) हवाच. जेट्टीवर शोअर पॉवर (किनाऱ्यावरची वीज) मिळाली तर चार्जर तुमच्या बॅटरीच्या प्रकारावर सेट केलाय ना ते आधी बघा.

लेड-ॲसिड किती भरलीय ते व्होल्टमीटरवर कळतं, थोडा वेळ लोड-चार्जिंग बंद ठेवून १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो, तिथे शंटवाला (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) मॉनिटरच लागतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ, वायर टिन केलेली तांब्याची, आणि बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधलेली. बिल्ज पंप (बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) मात्र मेन स्विचच्या आधीच, वेगळ्या फ्यूजवर, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलात तरी तो जागा राहतो.

पावसाळ्यात बोट वर काढली की लेड-ॲसिड फुल करून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा, डिस्टिल्ड वॉटरही बघा. लिथियम निम्म्यावर ठेवून टर्मिनल काढून टाका.