आवक बघा, मग रेघ बघा: अल्टिमेट टीमच्या कार्डांचे भाव

ईए एफसी (२०२३ च्या आधीचं नाव फिफा) या फुटबॉल व्हिडिओ गेममध्ये अल्टिमेट टीम म्हणून प्रकार आहे, त्यात खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा. या कार्डांच्या भावाचे आलेख फुटबिन या वेबसाइटवर दिसतात. तिथं कार्डाचं पान उघडलं की लगेच आलेखाच्या रेघेकडं पळू नका. आधी वर बघा, कन्सोल निवडलंय का पीसी. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचा बाजार फिफा २३ पासून एकच झालाय, पीसीचा मात्र वेगळाच आहे. माझा भाचा लॅपटॉपवर खेळतो, मी पीएस ५ वर. एकाच कार्डाचा भाव आमच्या दोघांकडं चांगलाच वेगळा निघतो. "मामा, तुमच्याकडं स्वस्त आहे की, मला घेऊन द्या ना," असं तो दर आठवड्याला म्हणतो. जमत नाही बे ते, किती वेळा सांगू.

मी सोलापूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितो. माल कांदा. डिसेंबर-जानेवारीत रोज शेकडो ट्रक येतात, आणि त्या दिवसांत सकाळी कुणीही पहिला प्रश्न भावाचा विचारत नाही. विचारतात, "आवक किती?" आवक कळली की भावाचा अंदाज आपोआप येतो. रात्री ईए एफसीतल्या कार्डांचे आलेख मी याच सवयीनं वाचतो. तिथं कार्डं पॅकमधून, म्हणजे बंद पाकिटांतून येतात, गेम खेळणारे ती एकमेकांना लिलावात विकतात आणि भाव कॉइनमध्ये, म्हणजे गेममधल्या नाण्यांत ठरतो. पॅक जास्त फुटले की आवक वाढते. मग रेघ खाली येते. बाकी सगळी टीका-टिप्पणी याच्या नंतरची.

रेघ नक्की काय दाखवते ते आधी समजून घ्या. ती त्या वेळचा सगळ्यात कमी 'बाय नाऊ' (बोली न लावता थेट घ्यायचा) भाव दाखवते, म्हणजे विकणाऱ्यानं सांगितलेला भाव. घेणाऱ्याला पटलेला भाव तो नव्हे. म्हणून गेममध्ये जाऊन स्वतः तपासा. त्या कार्डाचा शोध लावा, कमाल बाय नाऊ रकमेत आलेखातला आकडा घाला आणि एकेक पायरी खाली या. शेवटी दोन-तीनच कार्डं उरली तर भाव खरा आहे आणि माल कमी आहे. एकाच भावाला पानंच्या पानं भरलेली दिसली, तर तो भाव टिकत नाही, कुणीतरी पायरी उतरणारच. या पायऱ्याही ठरलेल्या आहेत: १,००० च्या खाली ५० ची, १०,००० पर्यंत १०० ची, ५०,००० पर्यंत २५० ची, एक लाखापर्यंत ५०० ची आणि त्याच्या वर १,००० ची.

पायरी लक्षात ठेवायची, कारण आलेखाची उभी पट्टी शून्यापासून सुरू होत नाही. ७०० चं कार्ड ८०० ला गेलं तरी रेघ पानाच्या तळापासून टोकापर्यंत चढलेली दिसते. पोरं स्क्रीनशॉट टाकतात, "रॉकेट!" अहो, दोन पायऱ्या आहेत त्या. डावीकडचे आकडे वाचल्याशिवाय रेघेच्या आकाराबद्दल तोंड उघडू नये.

आणि कपात. विक्री झाली की गेम ५ टक्के काढून घेतो. २०,००० ला घेतलेलं कार्ड २१,००० ला विकलं तर हातात १९,९५० येतात, म्हणजे ५० गेले. पुढच्या पायरीला, २१,२५० ला विकलं तर जेमतेम १८७ सुटतात. ७०० ला घेऊन ७५० ला विकलं तर १२. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई वजा झाल्यावर खाली जी रक्कम उरते तीच त्याची. इथंही वजा झाल्यावरचा आकडाच धरा. आलेखात चढ-उतार दिसला की मी सगळ्यात आधी त्याची उंची ५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे का बघतो. नसेल तर पान बंद.

आता वेळ. नवीन माल, म्हणजे प्रोमोची (थोड्या दिवसांसाठी निघणारी खास) कार्डं, नवे पॅक आणि एसबीसी (कार्डं देऊन बक्षीस घ्यायची आव्हानं, पुढं सांगतो), ब्रिटनच्या घड्याळानं संध्याकाळी ६ ला येतो. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं जातं, तिथून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपले साडेअकरा. एका दिवसाचा आलेख लावून बघा, बरेचसे कोपरे याच वेळेला वळलेले दिसतील. फक्त पान कुठल्या देशाची वेळ दाखवतंय ते आधी एकदा ताडून घ्या.

आठवड्यालाही चाल आहे. बुधवारी टीम ऑफ द वीक, म्हणजे त्या आठवड्यात खऱ्या सामन्यांत चमकलेल्यांची खास कार्डं. गुरुवारी रायव्हल्स या ऑनलाइन स्पर्धेची बक्षिसं, पॅक धडाधड फुटतात आणि साधी सोनेरी कार्डं उतरतात. शुक्रवारी नवा प्रोमो आणि वीकेंड लीग, म्हणजे शनिवार-रविवारच्या सुमारास चालणारी मोठी ऑनलाइन स्पर्धा. ज्यांना जिंकायचंय ते त्याआधी संघ बांधतात, म्हणून वेगवान स्ट्रायकर, बॅक वगैरे आठवड्याच्या उत्तरार्धात चढतात आणि लीग आटोपली की उतरतात. कंपनी बक्षिसांचे वार अधूनमधून हलवते, तेव्हा जुन्या पाठांतरावर जाऊ नका. महिन्याचा आलेख उघडा आणि खड्डे कुठल्या वारी पडलेत ते स्वतः मोजा.

मला सगळ्यात आवडतात ती ८४ ते ८८ रेटिंगची (रेटिंग म्हणजे कार्डाच्या ताकदीचा आकडा) कार्डं, ज्यांना मैदानात कुणी उतरवत नाही. पोरं त्यांना फॉडर म्हणतात. एसबीसी म्हणजे ठरावीक रेटिंगचा संघ जमवून द्यायचा आणि बदल्यात पॅक किंवा खास खेळाडू घ्यायचा. दिलेली कार्डं बाजारातून कायमची जातात, आणि मिळालेला खेळाडू बहुतेक वेळा विकता येत नाही. म्हणजे मालाची उचल होते, बाजारात मात्र नवीन काही येत नाही. समजा ८६ चं एक कार्ड महिनाभर ८,००० ते ९,००० च्या मध्ये पडून आहे. साडेदहाला मोठी एसबीसी आली आणि दहा मिनिटांत ते १४,००० ला गेलं. सकाळी बघाल तर ११,००० च्या आसपास असेल, कारण रात्री घाईनं घेणारे घेऊन झाले आणि ज्यांच्या क्लबात, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, असली कार्डं धूळ खात होती त्यांनी ती बाहेर काढली. या आलेखातलं कामाचं टोक १४,००० चं नव्हे. रेघ पुन्हा पुन्हा जिथं टेकून वर आली तो ८,००० चा तळ कामाचा. तळाला घ्यायचं, गर्दीत विकायचं. गर्दीत घेणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणतात, व्यापारी नव्हे.

फॉडरमध्ये एकटा आलेख कधीच बघू नका. ८५, ८६, ८७ अशा लागून असलेल्या रेटिंगची पानं शेजारी उघडा. ८५ आणि ८६ चा भाव जवळजवळ भिडला असेल तर ८६ स्वस्त आहे, हे दोन्ही रेघा बघितल्याशिवाय कळत नाही. आणि जुन्या वर्षांच्या आकड्यांवर विसंबू नका. २०२३ मध्ये एफसी २४ आला तेव्हा अल्टिमेट टीममध्ये महिला खेळाडू आल्या, वरच्या रेटिंगची कार्डं एकदम वाढली. त्याआधीच्या फिफाचे आलेख आता फक्त वारांची चाल बघायला कामाचे.

रेघ एकदम सपाट दिसली तर थांबा. प्रत्येक कार्डाला गेमनं किमान आणि कमाल भाव ठरवून दिलेला असतो, ही पद्धत २०१५ पासूनची. वरच्या भावाला टेकून सपाट झालेली रेघ म्हणजे कार्ड बाजारात मिळतच नाही. हातात असेल तर कमाल भावाला लावा, मिनिटात जाईल. नसेल तर त्याच्या मागं बसून रात्र घालवू नका. खाली टेकलेली सपाट रेघ म्हणजे उलटं, कुणालाच नको.

खऱ्या सामन्यांवर वाढणारी कार्डं वेगळी जात आहे. चॅम्पियन्स लीगमध्ये संघ जिंकला की ज्यांचं रेटिंग वाढतं, त्यांच्या रेघेला सामन्याचं वेळापत्रक लावून बघा. हिवाळ्यात मोठे सामने आपल्या रात्री दीड वाजता सुरू होतात. भाव बहुतेकदा सामन्याआधीच चढतो, आशेवर. जिंकल्यावर पुष्कळदा उतरतोही, कारण आशेवर घेतलेले सगळे एकदमच विकायला येतात. मी यात फारसा पडत नाही, सकाळी यार्डात जायचं असतं.

यूट्यूबवर कुणी "हे कार्ड आजच घ्या" म्हटलं की व्हिडिओ टाकल्याची वेळ आणि आलेख समोरासमोर धरा. रेघ व्हिडिओच्या आधीच चढलेली दिसली तर सांगणारा विकायला बसलाय आणि तुम्ही त्याचं गिऱ्हाईक. आणि बाहेरून रुपये देऊन कॉइन घेऊ नका. नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं.

वर्षाच्या आलेखाला उतार असतोच. गेम सप्टेंबरच्या शेवटी येतो, तेव्हा माल कमी म्हणून भाव तेज. मग दर आठवड्याला आधीपेक्षा चांगली कार्डं निघतात आणि जुनी उतरत जातात. नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेला पॅकांचा पूर येतो, तेव्हा खड्डा पडतो. दुसरा मोठा खड्डा जानेवारीत, टीम ऑफ द इयर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या प्रोमोच्या आसपास. पुष्कळ लोक नवं कार्ड घेण्यासाठी आधीपासूनच संघ विकायला काढतात, म्हणून रेघ प्रोमो यायच्या आधीच वाकू लागते. आपल्याकडं सोलापुरात तेव्हा गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा असते. होम मैदानावर पाळण्यात बसायला जाणार असाल तर महागडी कार्डं त्याआधीच्या आठवड्यात मोकळी करा. आणि जाताना 'तीन दिवस' मुदतीचा लिलाव लावून जाऊ नका. लावलेलं कार्ड मुदत संपेपर्यंत मागं घेता येत नाही, आणि त्या आठवड्यात भाव तीन दिवस एका जागी बसत नाही. एक तासाचा लावा, विकलं नाही तर परत आल्यावर गेममध्ये ताजा भाव तपासून एक पायरी खाली लावा.