१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत नाही ना?

नवा मॉनिटर जोडला की विंडोज बरेचदा त्याला ६० हर्ट्झवरच ठेवते, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळाच बदलतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट (हाच हर्ट्झचा आकडा) स्वतः निवडा. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९, मजकुराची खिडकी माउसने भरभर ओढून पाहा, अक्षरं कमी फरफटलेली दिसतील.

यादीत १४४ दिसतच नसेल तर आधी केबलवर संशय घ्या. एचडीएमआय १.४ वरून ४के फक्त ३० हर्ट्झला जातं. २५६० × १४४० ला १४४ हवे असतील तर डिस्प्लेपोर्ट १.२ पुरतं. केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे (ही चूक भलतीच कॉमन आहे).

हलत्या वस्तूंमागे फिकट, उलट्या रंगाची कडा दिसते? मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग वेगाने बदलायला लावणारी सेटिंग) एक पायरी खाली आणा. खोक्यावर छापलेले रिस्पॉन्स टाइमचे (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद बहुधा त्या टोकाच्या सेटिंगचेच असतात.

निळ्यावर लाल अक्षरं धुरकट दिसली तर रंगांची माहिती कापली जातेय: ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ (दोन्हींत रंगांची माहिती पूर्ण जाते) निवडा. पर्याय नसेल, तर रिफ्रेश रेट एक टप्पा उतरवा.