एम.डी. की डी.ओ.? अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज भरताना या चुका टाळा

अमेरिकेत वाढलेली आपली मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला लागली की घरात पहिला घोळ पदव्यांच्या नावांवरून होतो. भारतात एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदव्युत्तर पदवी, तर डी.ओ. ही डोळ्यांच्या डॉक्टरांची पदविका. अमेरिकेत मात्र या दोन्ही डॉक्टर होण्याच्या मूळ पदव्या आहेत; तिथली डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन या शाखेची पदवी. न्यू जर्सीतल्या एका घरी मुलीने कॉलेजांची यादी जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा आजोबांनी चष्मा पुसत विचारले, "डोळ्यांचीच डॉक्टर व्हायचं आत्ताच ठरवलंस का गं?" आजोबांचा गैरसमज पाच मिनिटांत दूर झाला. डी.ओ. म्हणजे दुय्यम, ही वडिलांची धारणा बदलायला मात्र ऑक्टोबर उजाडला, आणि तोवर मुलाखतींच्या कितीतरी जागा भरून गेल्या होत्या.

ही धारणाच पहिली चूक. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे या शाखेचे पहिले कॉलेज काढले, तेव्हा ती प्रचलित वैद्यकाविरुद्धची चळवळ होती. आज डी.ओ. डॉक्टर औषधे लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात आणि त्यांना पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो. अभ्यासक्रमात जास्तीचे असते ते स्नायू, सांधे व हाडे हातांनी तपासून उपचार करण्याचे साधारण २०० तासांचे शिक्षण. २०२० पासून दोन्ही पदवीधर एकाच व्यवस्थेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, अर्ज करतात. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे या प्रशिक्षणाच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, अंतिम वर्षाच्या एम.डी. विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के, तर डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी ९२.३ टक्के जणांना जागा मिळाल्या. ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ हे डॉक्टर नसतात, त्यामुळे तिथली माहिती वाचून अमेरिकेतील पदवीबद्दल मत बनवू नये.

"दोन्ही अगदी सारखेच" असे सांगणारेही दिशाभूल करतात. वरची टक्केवारी सर्व शाखांची मिळून आहे. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग अशा चुरशीच्या शाखांत डी.ओ. विद्यार्थ्याची वाट अधिक अरुंद असते. त्याला कॉमलेक्स ही डी.ओ.ची परवाना परीक्षा द्यावीच लागते आणि अशा शाखेसाठी बहुधा यूएसएमएलई ही एम.डी.ची परवाना परीक्षाही. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचे वजन वाढले आहे. याहून महत्त्वाची गोष्ट पालक क्वचितच विचारतात: तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुले रुग्णांजवळ नेमकी कुठे शिकणार? अनेक डी.ओ. कॉलेजांचे स्वतःचे रुग्णालय नसते, म्हणून विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या गावांतील रुग्णालयांत पाठवतात. दर काही आठवड्यांनी नवी खोली शोधावी लागते, आणि जिथे रेसिडेन्सीच चालत नाही तिथे पुढे उपयोगी पडणारी शिफारसपत्रेही सहज मिळत नाहीत. मुलाखतीत त्या रुग्णालयांची नावे विचारून घ्यावीत. माझ्या मते हा प्रश्न पदवीच्या नावापेक्षा मोठा आहे, आणि तो प्रत्येक कॉलेजाला, एम.डी. कॉलेजालाही, स्वतंत्रपणे विचारायचा असतो.

एम.डी. कॉलेजांचे नकार आल्यावर डी.ओ.कडे वळू, हा बेत सर्वांत महागात पडतो. दोन्हींचे मुख्य अर्ज मे महिन्यातच खुले होतात आणि बरीच कॉलेजे अर्ज येतील तसतशा जागा भरत जातात. एमकॅट या प्रवेश परीक्षेत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी गुणांक एम.डी.कडे ५११-५१२ च्या, तर डी.ओ.कडे ५०४ च्या आसपास असतो. या दोहोंच्या मध्ये गुण असणाऱ्याने दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करावा. मात्र एम.डी.साठी लिहिलेला निबंध जसाच्या तसा डी.ओ.कडे पाठवू नये. एका मुलाखतीच्या सरावात मी एका हुशार मुलाला विचारले, "डी.ओ. डॉक्टरांचे काम कधी जवळून पाहिले आहेस का?" तो गप्प राहिला. कित्येक कॉलेजांना डी.ओ. डॉक्टरचे शिफारसपत्र हवे असते, तेव्हा हिवाळ्यातच अशा डॉक्टरांकडे जाऊन काम पाहायला सुरुवात करावी. नापास झालेला विषय पुन्हा दिला की डी.ओ.च्या अर्जात जुने गुण पुसले जातात, हा सल्लाही आता ऐकू नये. ती सवलत २०१७ मध्येच बंद झाली.

एच-४ व्हिसावरील (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांनी यादी करण्यापूर्वीच प्रत्येक कॉलेजाचा नियम पाहावा, कारण अनेक ठिकाणी केवळ नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच प्रवेश मिळतो. राहते राज्यही विसरू नये: मिशिगन स्टेट आणि न्यू जर्सीतील रोवन या सरकारी विद्यापीठांत दोन्ही प्रकारची कॉलेजे आहेत. बहुतेक डी.ओ. कॉलेजे मात्र खासगी आहेत, आणि १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा आहे. होकार आल्यावर डी.ओ. कॉलेजे मागतात ती अनामत बरीच मोठी असते आणि सहसा परत मिळत नाही; एम.डी. कॉलेजांच्या उत्तराची वाट पाहायची असेल, तर ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी.