दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही? सुरुवात कानापासून करा

लग्नात, बारशात, सोसायटीच्या बागेत, कुठेही जा, दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की सल्ले फुकट मिळतात. "ह्याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला", "मुलगे उशिराच बोलतात गं", "वेखंड उगाळून मधातून चाटव", "शाळेत गेला की बोलेल आपोआप". ह्यातलं थोडंफार खरंही आहे बरं का, मुलगे सरासरी जरा उशिरा बोलतात, आणि दोन वर्षांच्या दहा मुलांत एखाददुसरं उशिरा बोलणारं निघतंच, त्यातली बरीच पुढे भरूनही काढतात. फक्त कुठलं मूल भरून काढणार आणि कुठलं नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. तेव्हा वाट बघायची तर बघा, पण तपासण्या करून आणि घरात कामाला लागून बघा. (आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम नावाचं विषबाधेचं गंभीर दुखणं होऊ शकतं, आजी कितीही म्हणू देत.)

सगळ्यात आधी फ्रीजवर एक कागद लावा आणि शब्द लिहायला लागा. शब्द म्हणजे शुद्ध शब्द नाही, मूल जे काही दरवेळी एकाच अर्थाने वापरतं ते सगळं. भूभू, हम्मा, मम्मं, भुर्र, पोळीला "पोई", सगळं धरायचं. घरात मराठी, कामवाल्या मावशींशी हिंदी आणि डे-केअरमधे इंग्लिश असं असेल तर सगळ्या भाषा मिळून मोजायचं. ढोबळ हिशोब असा की वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड वर्षाला मूठभर, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास आणि "बाबा आले", "अजून दे" असे दोन शब्द जोडलेले. महिना-दोन महिने इकडेतिकडे झाले तर जीव टांगणीला लावू नका. पण १२ महिन्यांना बाबा-दादा-मामा अशी बडबडही नाही आणि बोट दाखवणं, टाटा करणंही नाही, १६ महिन्यांना एकही शब्द नाही, २४ महिन्यांना स्वतःचे दोन शब्द जोडत नाही (आपण म्हटलेलं परत म्हणणं धरायचं नाही), ह्यातलं काही असेल तर पेडियाट्रिशियनकडे जा. आणि येत असलेले शब्द बंद झाले, हाक मारल्यावर बघणं बंद झालं, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात जा.

नुसत्या शब्दांवर जाऊ नका, समज किती आहे ते पण बघा. चपलेकडे न बघता, हात न करता "चप्पल आण" म्हणा, आणतो का? नावाने हाक मारली की वळतो का? पुण्याच्या लोहगाव विमानतळाकडे जाणारं विमान दिसलं की बोट दाखवून परत तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का, म्हणजे "आई, तू पण बघ ना" असं? ही शेवटची गोष्ट मला शब्दांच्या यादीपेक्षा मोठी वाटते. उलटं पण होतं, एबीसीडी पाठ, वनपासून हंड्रेड पाठ, सगळे कलर इंग्लिशमधे येतात आणि घरचे कौतुकाने व्हिडिओ पाठवतायत, पण तहान लागली की "पाणी" म्हणता येत नाही, आईचा हात धरून माठाकडे नेतो. पाठांतर म्हणजे भाषा नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० हो-नाही प्रश्नांची यादी असते, ती भरायला सांगितली तर घाबरू नका, ती चाळणी आहे, त्यावरून ऑटिझम आहे असं ठरत नाही.

आता कान. मूल कितीही नीट ऐकतंय असं वाटलं तरी ही टेस्ट पहिली. ताट पडलं की दचकतो, टीव्हीवर ठरावीक जाहिरात लागली की धावत येतो, म्हणून कान ठणठणीत असं धरू नका, मोठे आवाज ऐकू येऊनही स, श, फ असे बारीक आवाज निसटू शकतात. शिवाय सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, बरेचदा ताप नाही, दुखणं नाही, नुसतं ऐकू कमी येतं, आणि पावसाळ्यापासून थंडीपर्यंत नाक वाहणारी पोरं तर प्रत्येक घरात आहेत. जन्मल्यावर हॉस्पिटलमधे टेस्ट पास झाला होता तरी परत करा. ओएई म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी टेस्ट, तिच्यात कानात छोटं बोंड घालतात आणि काही मिनिटांत होतं. पडद्यामागचं पाणी टिंपॅनोमेट्रीत कळतं. बेरा म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट, ती मात्र वेळखाऊ, डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात आणि मूल गाढ झोपलेलं लागतं.

त्या बेराचंच जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यांची फजिती तिथे होते. क्लिनिकवाले सांगतात पहाटे उठवा, दुपारी झोपू देऊ नका, जागंच आणा म्हणजे इथे झोपेल. कात्रजहून डेक्कनला रिक्षातून पेंगुळलेल्या पोराला जागं ठेवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत! स्वारगेटपर्यंत गाणी चालली, सारसबागेपाशी बिस्कीट चाललं, आणि टिळक रोडला वळल्या वळल्या पोरगं ढुम्म झोपलं, क्लिनिकच्या पायरीवर टक्क जागं, मग तिथल्या काळोख्या खोलीत उड्या. परत तारीख घ्यावी लागली. तेव्हा सेंटर घराजवळचं बघा, सोबत एक माणूस असा न्या ज्याचं काम रस्ताभर फक्त पोराला जागं ठेवणं, त्याची रोजची गोधडी बरोबर घ्या, आणि पोट भरायचं ते तिथे पोचल्यावर. तरीही झोपलं नाही तर झोपेचं सिरप देतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आपल्या मनाने घरून देऊन न्यायचं नाही.

कान ठीक निघाले किंवा कानावर इलाज सुरू झाला की मग घर. स्पीच थेरपिस्टकडे (बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे) आठवड्यातून एकदा-दोनदा पाऊण तास, बाकीचा सगळा वेळ मूल आपल्याकडे असतं, त्यामुळे खरी थेरपी ओट्याशी आणि बाथरूममधेच होते. त्यासाठी वेगळा वेळ काढायला लागत नाही, आपली बोलायची पद्धत बदलायला लागते, आणि ते अवघड जातं.

पहिलं म्हणजे परीक्षा बंद करा. "हे काय आहे? हा कुठला कलर? माऊ कशी करते? सांग ना काकांना!" दिवसभर हेच ऐकून मूल अजून गप्प होतं. विचारू नका, सांगा. आंघोळीला बसवलंय तर "पाणी. गरम पाणी. पाणी ओतलं, धो धो धो." तो जे बघतोय, जे करतोय त्याचंच बोला, छोटं बोला, तेच तेच बोला. तो एक शब्द बोलतो तर तुम्ही दोन बोला. "पोई" म्हणाला तर "पोई नाही, पोळी म्हण" असं नको, "हो, पोळी. गरम पोळी" एवढंच. चूक दुरुस्त होऊन कानावर पडली, विषय संपला.

दुसरं, गप्प बसायला शिका. आपल्या घरांमधे काय होतं, पोरगं नुसतं "ऊं" करतं आणि पाच माणसं धावतात, एकाच्या हातात पाणी, एकाच्या हातात बॉल, एक जण रिमोट घेऊन. मग बोलायची गरजच काय त्याला? एक झाकण घट्ट बसणारा, आतलं दिसेल असा डबा घ्या, त्यात चुरमुरे भरा (शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात) आणि जमिनीवर त्याच्या समोर बसा, डोळ्याला डोळा येईल असं. चारच चुरमुरे वाटीत द्या. संपले की तो डब्याकडे बघेल, झाकण ओढेल, मग तुमचं बोट धरून झाकणावर ठेवेल. इथे हात आपोआप उघडायला जातो, तो आवरा. हसऱ्या चेहऱ्याने, भुवया उंच करून त्याच्याकडे बघत मनात दहापर्यंत मोजा, दहा फार मोठे असतात हे तेव्हा कळतं. काहीही आवाज आला, अगदी "अं" सुद्धा, की लगेच "दे! दे!" म्हणत उघडा. नाही आला तरी दहाला "दे" म्हणून उघडाच. "म्हण, मगच देईन" असा हट्ट धरून रडवायचं नाही, मग तो डबाच नको म्हणतो. आमच्याकडे बरेच दिवस नुसतं "ए" होतं, पण ते डब्याकडे बघून न होता माझ्याकडे बघून होत होतं, आणि थेरपिस्टबाई त्यावरच खूश होत्या.

ह्याच धर्तीवर कपाट उघडताना "केळं की चिकू?" असं दोन्ही हातात धरून विचारा, हा एक प्रश्न चालतो. झोक्यावर "एक, दोन..." म्हणून थांबा आणि "तीन" त्याच्यासाठी सोडा. बोलता न आल्यामुळे चावणं, डोकं आपटणं चालू असेल तर "अजून", "झालं", "दे" ह्यांच्या हाताच्या खुणा शिकवा, खुणा शिकला की बोलणार नाही ही भीती खोटी आहे, राग मात्र बराच उतरतो.

मोबाईलबद्दल. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाइडलाइन्समधे दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त तासभर स्क्रीन, तेही कमी तेवढं चांगलं, आणि वर्षाच्या मुलाला नकोच असं आहे. सगळं एकदम बंद करायला गेलात तर घरात महाभारत होईल, एकेक जेवण सोडवा. आधी सकाळचं, मग रात्रीचं, आणि त्या जागी हा घास काऊचा, हा घास चिऊचा, खिडकीतली खार, खालून जाणारी रिक्षा. आजोबांच्या बातम्या दिवसभर चालू असतील तर त्याही, कारण मागे टीव्ही चालू असला की घरातली माणसंच मुलाशी कमी बोलतात. पण नुसता मोबाईल बंद केला म्हणजे इलाज झाला असं समजून तपासण्या टाळू नका.

भाषेचा घोळ पुण्यात फार होतो. आम्हाला एका प्ले-ग्रुपमधे सांगितलं, घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मूल कन्फ्यूज होतं. असं काही होत नाही. दोन-तीन भाषा ऐकल्याने बोलायला उशीर होत नाही, आणि ज्या भाषेत तुम्ही लाडाने, रागावून, पटपट बोलू शकता तीच भाषा मुलाशी बोलायची. आई-बाबांचं मोडकंतोडकं "कम बेटा, ईट चपाती" ऐकून कुणाचं भलं होणार आहे? जिभेखालचा पडदा कापून घ्या हा सल्ला पण असाच. त्या पडद्याने काही उच्चार अडू शकतात, पण मूल शब्दच वापरत नाही त्याचं कारण सहसा ते नसतं, कापण्याआधी दुसरं मत घ्या.

थेरपिस्ट शोधताना शिक्षण विचारा, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी (कान आणि बोलणं ह्या विषयातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) पाहिजे, आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर. १९९२ च्या कायद्याने तो लागतो, विचारायला लाजू नका, चांगली माणसं स्वतःहून सांगतात. खासगी फी झेपत नसेल तर भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज धनकवडीला आहे, तिथे चौकशी करा. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते आणि पुढे जिल्ह्याच्या डीईआयसीकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हाताळणाऱ्या सरकारी केंद्राकडे) पाठवतात, त्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. सेशनला आई-बाबांना आत बसू देतात का आणि घरी काय करायचं ते सांगतात का हे पहिल्याच दिवशी विचारा. महिनोन्महिने दार बंद आणि बाहेर आल्यावर "चांगलं चाललंय" एवढंच कळत असेल तर मी तरी दुसरीकडे बघेन. ऑटिझमची शंका निघाली तर नाव पक्कं व्हायची वाट बघत थेरपी थांबवू नका, दोन्ही एकदम चालू राहतं.

डे-केअरच्या ताई, मावशी, आजी, सगळ्यांना डब्याची आणि "दे"ची पद्धत करून दाखवा, सांगून कळत नाही. आणि समारंभात कुणी "नाव सांग, नाव सांग" करत मागे लागलं तर आपणच हसून नाव सांगायचं आणि विषय बदलायचा.

पहिल्या अपॉइंटमेंटला जाताना तो फ्रीजवरचा कागद, कानाचे रिपोर्ट, आणि मोबाईलवर घरातले तीन-चार छोटे व्हिडिओ न्या, खेळतानाचा, जेवतानाचा, हाक मारल्यावरचा, कारण नवीन जागी गेलं की पोरं तोंडातून अक्षर काढत नाहीत. दुपारच्या झोपेची वेळ टाळून अपॉइंटमेंट घ्या. पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा असू दे, वेटिंग असतंच.