वादग्रस्त राज्यपालाचा चरित्रलेख कसा लिहावा : पूर्व पाकिस्तानचे अब्दुल मोनेम खान

अब्दुल मोनेम खान यांच्यावर मराठीत लिहायला बसणाऱ्याने माणसाच्या आधी त्याचे पद समजून घ्यावे. आपल्याकडे राज्यपाल म्हटले की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारे घटनात्मक पद डोळ्यांसमोर येते, आणि ती कल्पना मनात धरून ढाक्याकडे पाहिले तर लेख पहिल्याच पानावर फसतो. पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांच्या १९६२ च्या राज्यघटनेत प्रांताला मुख्यमंत्रीच नव्हता. प्रांताची कार्यकारी सत्ता राज्यपालाच्या हाती होती. तो स्वतः मात्र राष्ट्राध्यक्षाने नेमलेला आणि त्याच्याच निर्देशांना बांधलेला असे. प्रजेवर मोठा अधिकार आणि वरिष्ठापुढे संपूर्ण अवलंबित्व, अशा या खुर्चीत मोनेम खान २८ ऑक्टोबर १९६२ पासून मार्च १९६९ पर्यंत बसले होते. हा खुलासा लेखाच्या सुरुवातीलाच करावा, कारण पुढचा प्रत्येक आरोप त्याच्याच आधारे तोलायचा आहे.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगावे. १८९९ मध्ये आजच्या किशोरगंज जिल्ह्यात जन्म, मैमनसिंग येथे वकिली, मुस्लिम लीगचे राजकारण, १९६२ मध्ये राष्ट्रीय विधानसभेत प्रवेश आणि काही महिने केंद्रात आरोग्यमंत्रिपद, एवढे पुरे. त्यापेक्षा एका तुलनेला जागा द्यावी. त्यांच्या थोडेच आधी राज्यपाल असलेले आझम खान हे पठाण आणि लष्करी अधिकारी होते, तरी बंगाली लोकांनी त्यांच्यावर जीव लावला. मोनेम खान बंगाली होते, तरी त्यांच्याच प्रांतात ते कमालीचे अप्रिय ठरले. या विरोधाभासाची कारणे शोधणे हेच माझ्या मते या चरित्राचे खरे काम आहे.

त्यासाठी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : निर्णय कोणाचा, अंमल कोणाचा आणि ठपका कोणावर. एकेक प्रसंग या रकान्यांत भरू लागलो की भल्याभल्या लेखांतील ढिलाई उघडी पडते. रवींद्रसंगीताचेच उदाहरण घ्यावे. रेडिओवरील रवींद्रनाथांची गाणी मोनेम खान यांनी बंद केली, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात जून १९६७ मध्ये पाकिस्तानच्या आदर्शांशी विसंगत अशी रवींद्रगीते प्रसारित होणार नाहीत, ही भूमिका राष्ट्रीय विधानसभेत मांडली ती केंद्रीय माहितीमंत्री ख्वाजा शहाबुद्दीन यांनी, आणि तेही ढाक्याच्या नवाब घराण्यातले होते. पहिल्या रकान्यात केंद्र सरकार येते, ठपक्याच्या रकान्यात राज्यपाल. मात्र एवढ्यावरून त्यांना निर्दोष ठरवण्याची घाई करू नये, कारण बंगाली संस्कृतीबद्दलच्या त्या धोरणाचा प्रांतातील चेहरा तेच होते.

याच विषयावरील एक आख्यायिका हमखास समोर येते. ढाका विद्यापीठातील बांगला विभागाचे प्रमुख मुहम्मद अब्दुल हाय यांना राज्यपालांनी विचारले म्हणे, की रवींद्रसंगीत तुम्हीच का लिहीत नाही. त्यावर हाय यांनी, मी लिहिले तर ते हायसंगीत होईल, अशा अर्थाचे उत्तर दिले. हा किस्सा अनेक रूपांत सांगितला जातो. तो गाळू नये, पण घडलेली घटना म्हणूनही देऊ नये. शिकलेल्या बंगाली समाजाच्या मनात या राज्यपालाचे कोणते चित्र होते, याचा पुरावा म्हणून तो द्यावा. तेवढ्यासाठी तो अस्सल आहे.

याउलट मार्च १९६४ चा ढाका विद्यापीठाचा पदवीदान समारंभ तिन्ही रकान्यांत त्यांचेच नाव लिहायला लावतो. राज्यपाल हेच कुलपती. त्यांच्या हातून पदवी घ्यायची नाही असे विद्यार्थ्यांनी ठरवले, समारंभ उधळला गेला, आणि पुढे विद्यार्थ्यांवर कारवाई होऊन काहींच्या पदव्याही काढून घेण्यात आल्या. आयुष्यातला एवढा मोठा दिवस मुलांनी स्वतःहून का घालवावा, हा प्रश्न लेखकाने मनापासून घ्यावा. सरकारधार्जिण्या नॅशनल स्टुडंट्स फेडरेशनच्या गुंडगिरीला मिळालेला आश्रय त्याच परिच्छेदात यायला हवा. जानेवारी १९६४ च्या ढाका-नारायणगंज परिसरातील हिंदूविरोधी दंगलीही येथेच तपासाव्यात, कारण लोकांचे रक्षण ही थेट प्रांतिक सरकारची जबाबदारी होती.

१९६६ नंतरचा काळ लिहिताना पुन्हा सावध राहावे. पूर्व पाकिस्तानच्या स्वायत्ततेसाठीच्या सहा कलमी मागणीनंतर अवामी लीगचे नेते शेख मुजीब यांची अटक, ७ जूनच्या हरताळातील गोळीबार आणि ‘इत्तेफाक’ दैनिकावरील बंदी यांत प्रांतिक यंत्रणेचा हात स्पष्ट दिसतो. भारताच्या मदतीने पूर्व पाकिस्तान वेगळा करण्याचा कट रचल्याच्या आरोपाचा १९६८ चा आगरतळा खटला मात्र केंद्राचा, त्यातील आरोपी ३५ आणि न्यायाधिकरण ढाक्याच्या लष्करी छावणीत. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की जबाबदारीची सरमिसळ होते.

साधने वाचताना त्या काळच्या वृत्तपत्रांवर असलेली बंधने लक्षात ठेवावीत. बातमी छापली नाही म्हणजे घटना घडली नाही, असे होत नाही. १९७१ नंतरच्या आठवणी मुक्तिसंग्राम जिंकलेल्यांनी लिहिल्या आहेत, तर पाकिस्तानवादी लेखनात मोनेम खान यांच्या राजवटीतील विकासकामांची यादी पुढे केली जाते. दोन्ही वाचावीत. बांगलादेशी लेखनात पाकिस्तानला साथ देणाऱ्यांसाठी येणारा ‘दलाल’ हा शब्द स्वतःच्या निवेदनात उचलू नये, कोण म्हणाले ते सांगून द्यावा. शोध घेताना मोनेम, मोनायेम, मुनीम अशी नावाची सर्व रूपे पाहावीत, आणि डिसेंबर १९७१ मध्ये राजीनामा देणारे राज्यपाल मालिक यांच्याशी त्यांची गल्लत करू नये.

मृत्यूचा परिच्छेद सर्वांत शेवटी, विशेषणे न लावता लिहावा. १९६९ च्या जनउठावात असद व मतिउर हे विद्यार्थी आणि राजशाही विद्यापीठाचे प्राध्यापक शम्सुज्जोहा यांचे बळी गेले, त्यांची नावे आधी यावीत. मार्चमध्ये मोनेम खान यांचे पद गेले आणि त्याच महिन्यात अयूब खान यांचेही. १३ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री ढाक्यातील बनानी येथील त्यांच्या घरी बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या गनिमी योद्ध्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोळी झाडणारे मोझम्मेल हक हे किशोरवयीन होते. स्वतंत्र बांगलादेशाने त्यांना पुढे ‘वीर प्रतीक’ हा शौर्याचा किताब दिला.