मुलगा रात्री किंचाळत उठायचा, त्यावर काय उपयोगी पडलं

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. पहिलीतला आमचा मुलगा झोपल्यावर दीड-दोन तासांनी किंचाळत उठून बसायचा. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेलं, पण आम्हाला ओळखायचा नाही. सकाळी काहीच आठवायचं नाही. सासूबाई मीठ-मोहरीने दृष्ट काढायच्या; त्यांची माया खरी होती, पण कारण वेगळंच निघालं.

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, हे वाईट स्वप्न नव्हे. तशी स्वप्नं बहुधा पहाटेकडे पडतात आणि आठवतात. इथे रात्रीच्या पहिल्या टप्प्यातल्या गाढ झोपेतून मेंदू अर्धवटच जागा होतो. झोपेत चालणंही याच जातीचं, आणि ते अनेकदा घराण्यात असतं. (माझे दीर लहानपणी झोपेत अंगणात जायचे.) अपुरी झोप, ताप, तुंबलेली लघवी यांनी ते वाढतं. मूल घोरत असेल तर टॉन्सिल दाखवावेत.

शाळा सकाळची, म्हणून झोपायची वेळ साडेदहावरून नऊवर आणली. किंचाळण्याची वेळ वहीत टिपली, ती जवळजवळ ठरलेलीच होती. मग त्याच्या १५-२० मिनिटं आधी त्याला हलकेच उठवून, शू करवून परत झोपवायचे, असं काही आठवडे रोज. तरीही उठलाच, तर गदागदा हलवायचं नाही. पडू नये म्हणून फक्त जवळ बसायचं. गच्चीच्या दाराला उंचावर कडी बसवली.

हळूहळू प्रकार विरळ झाला, मग थांबला. एकाच रात्रीत अनेकदा होत असेल, अंग ताठ होत असेल किंवा मोठेपणी नव्याने सुरू झालं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर दाखवा; फिट्सही अशाच दिसू शकतात.