आवाज वाढवा, पण कॅटला हात नको

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेडवर पोरं येतात ती एकच मागणी घेऊन : "मामा, सायलेन्सर कापून पाईप सरळ ठोका." करत नाही मी.

इंजिनाकडून मागं येताना आधी मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा), मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे कॅट (विषारी वायू कमी करणारा), रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा) आणि शेवटी मफलर (आवाज दाबणारा डबा, म्हणजे सायलेन्सर). कॅट काढला की धूर जास्त विषारी होतो, सेन्सर डॅशबोर्डवरची चेक लाईट पेटवतो. खेळायचं ते मागच्या दोन डब्यांशी.

आधी फक्त मफलर बदला : आत छिद्रांची सरळ नळी, भोवती काचलोकर, असला घ्या. रेझोनेटर राहू दे. तो काढला की बऱ्याच गाड्यांत दोन-अडीच हजार आरपीएमला केबिनमध्ये घूंऽऽ सुरू होतं. चोर्ला घाटातून गोवा गाठेपर्यंत डोकं उठतं बघा. मस्टँगसारख्या व्ही-८ ला दोन नळ्या. मधे एच पाईप (दोन नळ्यांना आडवी नळी जोडून H) टाकला तर आवाज खर्जात जातो, एक्स पाईपनं (नळ्या X सारख्या जोडून) चढा होतो. मला विचाराल तर एच.

नळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची, वेल्डिंग टिगचं (आर्गॉन वायू सोडून करतात ते). बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. नळीच्या आतूनही आर्गॉन सोडा, नाहीतर सांधा आतून काळा, रवाळ होतो. मग गाडी चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तर गळती.

आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बजेट असेल तर व्हॉल्व्हवाला मफलर (झडप उघडून-मिटून आवाज कमी-जास्त करता येतो असा) घ्या, पण उघडल्यावरचा आवाजही मर्यादेत बसतो का, ते डेसिबल मीटरवर बघूनच पैसे मोजा.